तणाला पत्रक कोण वाटणार, आक्का?

आक्का, काल तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल इतकं खोटं बोलले की मला पंगतीतून उठून बाहेर जावं लागलं. "किती शांत बाई होत्या." "कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." "सगळ्यांना समजून घ्यायच्या." आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला आलो की काय, म्हणून मी आधी भिंतीवरचा फोटो बघितला. फोटो तुझाच होता. तू आणि शांत! तू शाळेत मुख्याध्यापकांशी भांडलीस, निवृत्तीनंतर ठिबकवाल्याशी भांडलीस, भावकीशी बांधावर भांडलीस, दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या पोरीशी सुईवरून भांडलीस, आणि उरलेला सगळा वेळ माझ्याशी भांडलीस. माणूस मेलं की त्याचे दात काढून घेतात आणि मग त्याला हार घालतात. मला या पद्धतीची चीड येते.

त्याहून जास्त चीड तुझी येते. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलीस. हे काही बरोबर केलं नाहीस.

नात्यानं तू माझी आत्या. पण गावाची आक्का, शाळेची आक्का, स्वतःच्या भावाचीही आक्का, म्हणून माझीही आक्काच. निवृत्त झालेल्या शिक्षिका देवदर्शनाला जातात, निदान तसं सांगतात तरी. तू होटगीच्या बाहेर, घराला लागून असलेल्या दहा गुंठ्यांवर प्लास्टिकचं छप्पर चढवलंस आणि आत लाल-पिवळी ढबू मिरची लावलीस. सोलापूरच्या उन्हात त्या पॉलिहाऊसमध्ये पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरायची आणि श्वास घशातच गरम व्हायचा. ढबूला मात्र तिथं राजेशाही. वरून सावलीची जाळी, खालून थेंबथेंब पाणी, वेळेवर खत. आणि ढबूला जे मिळायचं ते सगळं तणालाही मिळायचं. बाहेरच्या रानात पाऊस झाला तर तण. तुझ्याकडं बारा महिने.

आपली सगळी भांडणं त्या तणावरून झाली, हे मी काल कुणाला सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

आमचं घर पत्रकांचं, तुला वेगळं सांगायला नको. बाबा संध्याकाळी सायकलला खळीचा डबा अडकवून भिंतींवर कागद चिकटवायला निघायचा, आणि घरात पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे. मी वाचायला शिकले ते त्या गठ्ठ्यांवर बसून. तू इतक्या पोरांना अक्षरओळख करून दिलीस, आणि घरची पोर तुझ्या हाताखाली न येता परस्पर पत्रकांवर शिकली, हा राग तू शेवटपर्यंत धरलास. येईल त्याला सांगायचीस, "या पोरीला अ अननसाचा म्हाईत न्हाय, अ अन्यायाचा म्हाईत हाय." लोक हसायचे. मी चिडायचे. मी चिडले की तुला बरं वाटायचं.

मग मी मोठी झाले आणि स्वतः पत्रकं लिहायला लागले. तणनाशकांविरुद्ध लिहिलेलं चार पानी पत्रक घेऊन मी मुद्दाम तुझ्याकडं आले होते. माती, पाणी, गांडुळं, औषधाच्या कंपन्या, फवारणाऱ्या मजुरांची फुप्फुसं, सगळं त्यात होतं. तू ढबूच्या ओळीत बसून खुरपत होतीस. पलीकडच्या ओळीत महादेवी होती, तुझ्याकडं पहिल्या वर्षापासून कामाला येणारी. मी उभी राहून मोठ्यानं वाचलं. तू खुरपं थांबवलं नाहीस, पण ऐकलंस शेवटपर्यंत.

"बरं," तू म्हणालीस. "तणनाशक नको. आत मीबी मारत न्हाय. मग तण दाबायला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घालू?"

"तो पण नको. ते प्लास्टिक शेवटी मातीतच राहतं."

"बरं, नको. मग आणखी चार बायका लावून खुरपून घेऊ?"

"या भट्टीत? आक्का, त्यांच्या कंबरेचा कुणी विचार करणार आहे की नाही?"

"म्हंजे औषध नको, कागद नको, बायका नकोत." तू खुरपं माझ्या पत्रकासमोर धरलंस. "मग काय करू? तणाला पत्रक वाटू का?"

महादेवी हसता हसता मागच्या मागे वाफ्यावर बसली, आणि एक रोप मोडलं म्हणून तू तिच्यावरही ओरडलीस.

मी तणतणत निघून गेले होते. दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा ओळींच्या मधल्या वाटांवर तू चादरी अंथरत होतीस. खऱ्या सोलापुरी चादरी! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणताना फसलेल्या, डाग पडलेल्या, कुणी विकत न घेणाऱ्या सुती चादरींचा ढीग तू टेम्पोतून आणला होतास. त्या भिजवून वाटेवर घालायच्या, म्हणजे खाली उजेड जात नाही, आणि उजेड नाही तर तण नाही. रोपाच्या बुडाशी चार बोटं मोकळी सोडायची, नाहीतर ओलीनं बूड कुजतं. हंगाम संपेपर्यंत चादर मातीत विरून जाते. प्लास्टिक नाही, औषध नाही, वाकणं निम्म्यावर. मी खूश होऊन एक चादर उचलून बघितली, तर खाली कागदाचा जाड थर. ओला, एकावर एक नीट बसवलेला. वरच्या कागदावर माझंच वाक्य होतं, तणनाशकमुक्त शेतीचा विजय असो. बाबाच्या माळ्यावरचा उरलेला अख्खा गठ्ठा तू त्याला न विचारता उचलून आणला होतास.

"कागदाचा थर असला की चादर जास्त टिकते," तू म्हणालीस. चेहरा अगदी कोरा. "तुझं पत्रक अखेर तणाविरुद्ध कामाला आलं."

त्या दिवशी मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. गावातल्या गाडीवरची भजी तू स्वतः जाऊन आणलीस तेव्हा बोलले.

लेंडीखताचं तर तू मला मरेपर्यंत ऐकवलंस. आमच्या संघटनेतल्या सांगोल्याकडच्या एका धनगर मित्रानं प्रेमानं दोन पोती दिली होती. मी ती बसमधून, कंडक्टरशी वाद घालून, तुझ्यापर्यंत पोचवली. शुद्ध, निखळ, कंपनीचा स्पर्श न झालेलं खत. तू म्हणालीस, हे ताजं आहे, मेंढ्यांनी खाल्लेल्या गवताचं बी यात जिवंत असतं, आधी ओलं करून प्लास्टिकखाली उन्हात तापवू, कुजवू, मग घालू. मी तुझ्या नकळत दोन ओळींना घातलं. मला वाटलं, तुला माझं काही चांगलं म्हणवतच नाही. पंधरवड्यात त्या दोन ओळींत गाजरगवत, तांदुळजा आणि नाव माहीत नसलेली चार प्रकारची रोपटी अशी उगवली की ढबू शोधावी लागत होती. तू मला हाताला धरून तिथं नेलंस. "बघ," म्हणालीस, "तुझ्या क्रांतीत बी लई हाय."

आणि तुझं ते शिकवणं! चाळीस वर्षं पोरांना शिकवूनही तुला नीट समजावून सांगणं जमलं नाही, नुसतं ओरडणं जमलं. मी कोरड्या मातीत तण ओढलं, मूळ आत राहून वरचा शेंडाच हातात आला, तर, "उपट म्हटलं, केस काप म्हटलं न्हाय." आधी पाणी सोडायचं, माती ढिली झाली की डाव्या हातानं ढबूचं बूड दाबून धरायचं आणि उजव्या हातानं तण सावकाश काढायचं, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. ढबूची मुळं वरवर असतात, खोल खुरपायचं नाही, हेही मला मी चार रोपं दुखावल्यावर कळलं. मी खुरप्यानं ठिबकची नळी कापली आणि पाण्याचं कारंजं तोंडावर उडालं तेव्हा तू ओरडायचं सोडून फक्त महादेवीकडं बघितलंस. ते जास्त लागलं. उपटलेलं तण वाटेत टाकलं तर पुन्हा ओरडा: ते पोत्यात भरून बाहेर न्यायचं, नाहीतर त्याच्यावरची पांढरी माशी उठून सरळ मिरचीवर बसते. तुझं सगळं बरोबर असायचं, याचाच त्रास व्हायचा.

सगळं नाही. बाहेरचा पट्टा.

पॉलिहाऊसच्या भोवती बाहेरून जो दोन हात रुंद पट्टा आहे, त्यावर तू वर्षातून दोनदा तणनाशक मारायचीस, आणि मला ते अजूनही मान्य नाही. मी विचारायचे, आत तत्त्व आणि बाहेर विष, हे कसं काय? तू म्हणायचीस, "यात तत्त्व कुठनं आलं? आत छप्पर हाय. वाफ अडकती, थेंब होऊन मिरचीवर आणि माणसावर पडती. म्हणून आत न्हाय. बाहेर मोकळं हाय." बाहेरचं गवत फुललं की त्याचं बी आणि माशी जाळीच्या फटींतून आत येते, म्हणून पट्टा बोडका पाहिजेच, हे मला पटत होतं. तू वारा पडल्याशिवाय मारत नव्हतीस, बाजूचे पडदे खाली सोडल्याशिवाय मारत नव्हतीस, त्यासाठी पंप वेगळा ठेवला होतास आणि तो दुसऱ्या कशाला वापरू देत नव्हतीस, हेही मी बघितलं होतं. पण त्या पट्ट्यावरून वाहणारं पाणी ओढ्याला जातं. ओढ्यावर कुणाची शेरडं-मेंढरं पाणी पितात. हे मी फोनवर शेवटचं सांगितलं तेव्हा तू दमली होतीस. म्हणालीस, "त्यावर माझ्याकडं उत्तर हाय. पर आता न्हाय. आल्यावर बोलू."

काय उत्तर होतं, आक्का? मी खरंच विचारतेय. मला राहून राहून वाटतं, उत्तर नव्हतंच, आणि तू पहिल्यांदा हरणार होतीस. आणि मग वाटतं, असणारच, आणि ते असं असणार की मला दोन दिवस झोप लागली नसती. आता मी या दोन्हींच्या मध्ये लटकलेय.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते, कारण तुला कळल्याशिवाय राहवणार नाही.

तुझ्या सासरच्या घरात सुतकात हिरव्याला हात लावत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. घरच्यांनी, भावकीनं, कुणीच पिकात पाऊल टाकायचं नाही. पॉलिहाऊसला कुलूप लागलं, महादेवीलाही येऊ नको म्हणून सांगितलं. ठिबकला मात्र टायमर. त्याला कुठलं सुतक? पाणी रोज वेळेवर सुटत होतं आणि आत बघायला कुणी नव्हतं. तणाला यापेक्षा वेगळं काय लागतं? तू आजारी पडल्यापासून खुरपणं मागं पडलं होतं, नव्या चादरी घातल्या नव्हत्या, जुन्या विरून त्यांची चाळण झाली होती.

आणि माहेरच्यांना सुतक तीनच दिवसांचं. म्हणजे घरात राहिलेल्या सगळ्या नातेवाइकांत किल्ली हातात घेऊ शकणारी मी एकटी. मी सुतक मानत नाही. बाबानं आजीच्या वेळीही मानलं नव्हतं आणि त्यावर एक पत्रकही काढलं होतं. आणि त्याच सुतकानं मला तुझ्या पॉलिहाऊसची किल्ली दिली! तुझं हसणं मला कुलूप उघडताना ऐकू आलं. मानू नको, पर वापर की, असंच म्हणाली असतीस.

आत लव्हाळा चादरींच्या भोकांतून सुयांसारखा वर आला होता. तांदुळजा गुडघ्यापर्यंत. घोळ वाटेभर पसरलेली. मधे तुझी ढबू, लाल व्हायला लागलेली, तोडायला आलेली. महादेवीला मी निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. तिनं आल्या आल्या पदर खोचला आणि घोळीचे कोवळे शेंडे भाजीसाठी तोडून त्यात भरायला सुरुवात केली. तेवढ्यात दारात शेजारचा भीमाशंकर आला, पाठीवर फवारणीचा पंप.

"ताई, बाजूला व्हा जरा. तोंडाला ओढणी बांधा."

"काय मारणार आहेस?"

"तणाचं औषध. दादांनी सांगितलंय. चार दिसात माना टाकतंय बघा सगळं."

सतीशदादा त्याच्या मागेच होता, उंबऱ्याच्या बाहेर. तुझ्या मुलाला मी दोष देत नाही. पुण्याहून आल्यापासून त्याला काय करावं हे समजत नव्हतं, म्हणून तो साफ करत सुटला होता. माळा साफ, परस साफ, तुझं औषधांचं कपाट साफ. आता हे. म्हणाला, "अगं, तेराव्याला पाहुणे येणार. आईचं पॉलिहाऊस असं दिसलं तर काय म्हणतील?"

मी सुरू झाले. तुला माहितेय मी कशी सुरू होते ते. माती, गांडुळं, कंपन्या, फुप्फुसं. भीमाशंकरनं सगळं ऐकून घेतलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "झालं का ताई? न्हाय, पंप जड हाय म्हणून इचारलं."

मग मी तुझ्यासारखं बोलायचा प्रयत्न केला. "या पंपानं तू उसात काय मारतोस?"

"रुंद पानाचं तण मारायचं औषध. उसाला काय होत न्हाय त्यानं. ऊस म्हंजे गवतच की."

"आणि ढबूचं पान कसं आहे?"

त्यानं ढबूकडं बघितलं. "पंप धुतलाय की. लई वेळा धुतलाय."

"आक्का काय म्हणायची या पंपाबद्दल?"

तो हसला. "आक्का म्हणायच्या, ह्यो पंप दारातनं आत आला तर तंगडी मोडीन तुझी."

"मग?"

"मग आता आक्का न्हाईत की, ताई."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं फक्त होतं ते सांगितलं. सतीशदादा खाली बघत म्हणाला, "मारू दे गं. मिरची गेली तर गेली. नाहीतरी हे सगळं आता बघणार कोण?"

मी महादेवीकडं वळले. ती तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून.

"मारू द्या की ओ," महादेवी म्हणाली. "ह्या भट्टीत वाकून वाकून माझी कंबर गेली. तुमी चार दिस ऱ्हाणार, मग निघणार. मागं मीच की."

यावर माझ्या चार पानांत एक ओळही नव्हती, आक्का. भीमाशंकरनं नळी हातात घेतली.

"पर थांब रं जरा," महादेवी म्हणाली, "त्या कोपऱ्यातली घोळ तेवढी काढून घेते."

"घ्या. पर एकदा मारलं की मग हितलं काय खायचं न्हाय बरं का."

"आक्का किडीचं मारायच्या तवा दाराला लाल फडकं लावायच्या. फडकं काढलं की भाजी घ्यायची. तुझं फडकं कवा काढणार?"

"मला काय म्हाईत? खायचंच न्हाय म्हणतो मी."

"तांदुळजा पण?"

"तांदुळजा पण."

"यव्वा! मग रोज कालवण कशाचं करू? तुझ्या पंपाचं?" पदरातली घोळ सावरत ती दारात आडवी उभी राहिली. "न्हाय मारायचं. चल, हो बाहेर."

"आन् कंबर?"

"माझी हाय, मी बघीन. तू नीघ."

झालं. तो गेला. माझी सगळी मांडणी जिथं पंपाच्या वजनापुढं टिकली नाही, तिथं घोळीच्या भाजीनं काम केलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी चरफडत होते. आणि मग मला वाटलं, तू आत तणाचं औषध न मारण्याचं कारण दर वेळी वाफेचं सांगायचीस. त्या भाजीचं कधी सांगितलं नाहीस. तुझ्या डोक्यात ते होतं का? बायका खुरपायला येतात तेव्हा तणातली भाजी त्यांची, हे तुला इतकं उघड वाटत असेल की बोलायची गरजच पडली नसेल? की खरंच नुसती वाफ? हेही विचारायचं राहिलं.

पुढचे दिवस आम्ही दोघी पहाटे आत जायचो, ऊन तापायच्या आत बाहेर. पाणी सोडून, बूड धरून, सावकाश. लव्हाळ्याच्या गाठी अरुंद खुरप्यानं एकेक काढल्या, कारण गाठ राहिली की तो परत येतो, हे तू ओरडून शिकवलं होतंस. मी ठिबकची नळी एकदाही कापली नाही. हे मी कुणाला सांगणार? महादेवी म्हणाली, "आता जरा बाईमाणसागत खुरपाय लागलात." मी ते कौतुक समजून घेतलं.

सतीशदादा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचा. आम्ही पोती भरून दाराशी आणायचो. पहिल्या दिवशी तो त्या पोत्याकडं बराच वेळ बघत राहिला, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "उपटलेलं म्हणजे हिरवं नाही म्हणता येणार." आणि पोतं उचलून खड्ड्यापर्यंत घेऊन गेला. त्यानंतर प्रत्येक पोतं त्यानंच नेलं. येताना डोळे लाल असायचे. तो गाजरगवताला दोष द्यायचा. मी देऊ दिला. शेवटी एकदा दारातून आत डोकावून म्हणाला, "लाल झाल्यात की गं बऱ्याच. तोडायला कधी घ्यायच्या?" आक्का, ढबू वाचली. महादेवीनं परवा पहिली क्रेट भरली.

मला तुला एक सांगायचं होतं, तेही आता इथंच सांगते. मी लिहिलेली पत्रकं लोक हातात घेतात, पहिली ओळ वाचतात, छान म्हणतात आणि त्यात शेंगदाणे बांधतात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, प्रत्येक वाक्यावर, हे कुणाच्या कंबरेवर उभं आहे, असं विचारणारी वाचक तू एकटी होतीस. मी नवीन काही लिहिलं की पहिल्यांदा डोक्यात तू काय म्हणशील हे यायचं, आणि त्या भीतीनं मी दोन वाक्यं खोडायचे. ती खोडलेली वाक्यं खरंच वाईट होती. याबद्दल तुझे आभार मानायचं मला कधी सुचलं नाही, कारण आपण सतत भांडत होतो. तुझ्यावरच्या या लेखातही मी आत्ता दोन वाक्यं खोडली आहेत.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी भीमाशंकर परत आला. पंप नव्हता. "ताई, आत न्हाय तर न्हाय. पर बाहेरच्या पट्ट्याला मारू का? आक्का बाहेर मारायच्या. वारा पडलाय. पडदे सोडतो. आक्कांचाच पंप घेतो." तुझी एकूण एक अट त्यानं पाळली होती. पट्ट्यातलं गवत फुलावर आलं होतं, बी सुटायला लागलं होतं, आणि आतली ढबू नुकतीच वाचली होती. सतीशदादा, महादेवी, भीमाशंकर, तिघं माझ्याकडं बघत होते. तू असतीस तर तू हो म्हणाली असतीस, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

मी नको म्हणाले.

कारणं सांगितली नाहीत. तुझा विळा घेतला आणि कापायला बसले. अंधार पडेपर्यंत निम्मा पट्टा झाला. हाताला फोड आले. भीमाशंकर उभा राहून बघत होता, मग म्हणाला, "हे पंधरा दिसात परत फुटतंय, ताई." मला माहीत होतं. तो बरोबर बोलत होता, आणि त्याच्या तोंडून तू बोलत होतीस, आणि माझा हात थांबत नव्हता. ओढ्याचं उत्तर तू दिलं नाहीस, आक्का. ते मिळेपर्यंत मी इथं काही मारू देणार नाही. ते आता कधीच मिळणार नाही, मग मी काय करायचं, ते मला माहीत नाही.

तर काल पाहुणे आले तेव्हा फाटकाजवळचा पट्टा असा होता: एक बाजू बोडकी, दुसरी बाजू फुललेली, मधे सरळ रेघ. तुझ्या नणंदेचे यजमान तिथंच थबकले. धोतराचा सोगा वर धरून त्यांनी दोन्हीकडं बघितलं आणि सतीशदादाला विचारलं, "हे असं अर्धवट का रे सोडलंय?"

"ते होय?" सतीशदादा म्हणाला. "तिथं आईचं आणि हिचं भांडण चालू आहे अजून."